अमेरिकेतले स्टोरेज लिलाव: थकलेलं भाडं, तोडलेलं कुलूप आणि भरपूर हमाली

अमेरिकेत हायवेच्या कडेला एकसारख्या शटरच्या लांबच लांब रांगा दिसतात, केशरी नाहीतर निळ्या, ते सेल्फ स्टोरेज. महिन्याचं भाडं भरा, आपलं कुलूप लावा, आत काय ठेवायचं ते ठेवा. देशभरात अशा ५० हजारांहून जास्त जागा आहेत आणि साधारण दहातलं एक घर कुठे ना कुठे असं युनिट, म्हणजे शटरमागची एक खोली, भाड्याने घेऊन बसलंय. घटस्फोट झाला, मोठं घर विकून लहान घेतलं, आई-वडील गेले आणि त्यांचं सामान टाकवत नाही, धंदा बुडाला, नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात जावं लागलं, अशा कशाने तरी सामान आत जातं. आणि मग कधीतरी माणूस भाडं भरायचा थांबतो.

पुढे काय होतं ते टीव्हीने सगळ्या जगाला दाखवलं. २०१० च्या डिसेंबरात ए अँड ई चॅनेलवर 'स्टोरेज वॉर्स' सुरू झालं, शटर वर जातं, पाच-सहा जण टॉर्च मारून आत डोकावतात, बोली लागते आणि मग जुन्या कपाटामागून काहीतरी हजारो डॉलरचं निघतं. २०१२ ला त्या शोमधल्याच एका खरेदीदाराने केस टाकली की महागड्या वस्तू आधीच आत नेऊन ठेवल्या जातात, चॅनेलने कोर्टात लढत दिली आणि नंतर ते प्रकरण आपसात मिटलं. खरंखोटं त्यांचं त्यांना माहीत, पण शोमुळे लिलावाला गर्दी झाली, बोल्या चढल्या आणि लोकांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलं की हा खजिना शोधायचा धंदा आहे. माझं मत विचाराल तर हा सामान हलवायचा आणि कचरा काढायचा धंदा आहे, त्यात मधूनच लॉटरी लागते एवढंच. आणि हे असं का, ते कळायला आधी लिलाव का होतो ते बघायला लागतं.

स्टोरेजवाल्याला तुमच्या सोफ्यात काडीचा इंटरेस्ट नसतो. त्याचा धंदा जागा भाड्याने द्यायचा, आणि भाडं न भरणाऱ्याचं युनिट अडकून पडलं की दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येत नाही. म्हणून कायदा त्याला एक हक्क देतो, ज्याला तिकडे लीन म्हणतात, म्हणजे थकबाकी वसूल होईपर्यंत आतलं सामान अडवून ठेवायचं आणि शेवटी विकायचं. आपल्याकडे सोनेतारण कर्ज थकलं की पेपरात नोटीस देऊन दागिन्यांचा लिलाव करतात, साधारण तीच चाल. फरक एवढाच की सोन्याचं वजन आणि भाव सगळ्यांना माहीत असतो, इथे खोक्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या, तिथे भाडं सलग १४ दिवस थकलं की मालक पहिली नोटीस पाठवू शकतो, त्यात पैसे भरायला किमान आणखी १४ दिवस द्यायचे, तरी भरले नाहीत तर भाडेकरूला आत जायला बंदी, मग विक्रीची दुसरी नोटीस, मग जाहिरात, मग लिलाव. कागदावर हे लवकर होईल असं वाटतं पण प्रत्यक्षात दोन-तीन महिने सहज जातात. भाडेकरूच्या कुलपावर मालक आपलं दुसरं कुलूप चढवतो, नंतर भाडेकरूचं कुलूप तोडून दारातूनच फोटो काढतात, आत शिरून खोकी उघडून बघत नाहीत. सैन्यात असलेल्या माणसाचं युनिट असेल तर मात्र फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा आडवा येतो, नोकरीत असेपर्यंत आणि त्यानंतर ९० दिवस, कोर्टाच्या ऑर्डरशिवाय ते विकता येत नाही.

आणि एक गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते. लिलावात थकबाकी आणि खर्चापेक्षा जास्त पैसे आले तर वरचे पैसे स्टोरेजवाल्याचे होत नाहीत, ते भाडेकरूचे असतात. कॅलिफोर्नियात त्याने वर्षभरात मागितले नाहीत तर काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, तिजोरीत जातात. म्हणजे स्टोरेजवाल्याला बोली खूप वर जाण्यात फारसा फायदाच नाही, त्याला हवंय रिकामं, झाडलेलं युनिट, उद्या सकाळी नवीन माणसाला द्यायला. लिलावाचे सगळे नियम या एका गरजेतून निघालेत.

आता नियम बघू. पूर्वी तारीख-वेळ ठरायची, लोक गाड्या घेऊन यायचे, शटर उघडलं की उंबऱ्याबाहेर उभं राहून चार-पाच मिनिटं बघायचं, आत पाय टाकायचा नाही, कशाला हात लावायचा नाही. आता बहुतेक सगळं ऑनलाइन झालंय, कोविडनंतर तर फारच. स्टोरेजट्रेझर्स सारख्या साइटवर युनिटचे फोटो टाकतात, आठवडा-दोन आठवडे बोली चालू राहते, आणि शेवटच्या मिनिटाला कोणी बोली टाकली तर वेळ थोडा पुढे सरकतो, त्यामुळे ११:५९ ला गुपचूप बोली टाकून युनिट मारायची युक्ती चालत नाही. आणि शेवटच्या क्षणापर्यंत भाडेकरूने पैसे भरले की लिलाव रद्द. हे सारखं होतं. तुम्ही तीन दिवस एका युनिटवर डोळा ठेवून, ट्रक बुक करून बसता आणि आदल्या रात्री ते लिस्टमधून गायब. राग येतो, पण त्या माणसाचं सामान वाचलं हेही खरंय.

जिंकलात तर पैसे लगेच भरायचे, बऱ्याच ठिकाणी रोख. बोलीवर साइटचं कमिशन, दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास. शिवाय सेल्स टॅक्स, जर तुमच्याकडे राज्याचं रीसेल सर्टिफिकेट, म्हणजे माल पुढे विकायला घेतोय असा कागद, नसेल तर. शिवाय ५० ते १०० डॉलर क्लीनिंग डिपॉझिट, जे युनिट पूर्ण साफ करून दिल्यावरच परत मिळतं. आणि साफ करायला मुदत ४८ ते ७२ तास. सगळं न्यायचं, सगळं म्हणजे सगळं, फाटकी गादी, तीन पायांची खुर्ची, भिजलेली मासिकं, अर्धे भरलेले रंगाचे डबे. तिथल्याच डंपस्टरमध्ये, म्हणजे मोठ्या कचरापेटीत, टाकायला बंदी असते. आवडलेली दोन खोकी उचलून निघालो असं केलंत तर डिपॉझिट गेलं आणि पुढच्या लिलावातून नाव बाद.

म्हणून फोटो बघताना अनुभवी लोक आधी फेकायचं काय आहे ते मोजतात, किमती वस्तू नंतर शोधतात. गादी म्हणजे खर्च. जुना फ्रीज म्हणजे खर्च, कारण त्यातला गॅस काढून घेतल्याशिवाय तो नुसता टाकता येत नाही. जुने डबा टीव्ही आणि मॉनिटर, न्यू जर्सीत २०११ पासून कचऱ्यात टाकायला बंदी, रीसायकलिंगला न्यायचे. टायर, गॅसचे सिलिंडर, केमिकल, प्रत्येकाची वेगळी कटकट. फोटोत काळ्या पिशव्याच पिशव्या आणि कपडे जमिनीवर लोळताहेत असं असेल तर घाईघाईने टाकलेलं किंवा आधीच कोणी उचकटलेलं सामान समजायचं. त्याउलट एकसारखी खोकी, टेप नीट, वर मार्करने 'किचन', 'टूल्स', 'ऑफिस' लिहिलेलं, फर्निचर ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं, म्हणजे सामान ठेवणाऱ्याला त्याची किंमत होती. सगळ्यावर सारखी धूळ असेल तर बरेच महिने कोणी हात लावला नाही. सुताराची, प्लंबरची, इलेक्ट्रिशियनची हत्यारं दिसली तर बोली चढतेच, कारण चांगल्या ब्रँडची हत्यारं जुनीही दोन दिवसांत विकली जातात आणि कॅटलॉग बघत बसावं लागत नाही. फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी दोन, वास आणि ढेकूण. उंदराच्या मुताचा वास असलेल्या सोफ्याला कोणी फुकटही नेत नाही, आणि ढेकूण तुमच्या ट्रकमधून तुमच्या घरी येतात. खरेदी केलेला माल थेट बेडरूममध्ये नेऊ नका हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतोय.

आता हिशेब. समजा न्यू जर्सीत एक १० बाय १० फुटांचं युनिट तुम्ही ४०० डॉलरला घेतलं. कमिशन १५ टक्के धरलं तर ६०. त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे साधारण ३०. ट्रकचं भाडं, मैलाचे पैसे, इन्शुरन्स आणि पेट्रोल मिळून समजा ९०, कचरा टाकायचे ८०. झाले ६६०. सगळा माल महिनाभरात विकून ११०० आले, म्हणजे नशीब चांगलं म्हणायचं, त्यातून विकायच्या साइटची फी आणि पार्सलचा खर्च १५० गेला. उरले ९५०, वजा ६६०, हातात २९०. वाईट नाही वाटत? आता वेळ मोजा. दोन दिवस ओझी वाहिली, मग वर्गवारी, पुसपास, फोटो, वर्णन, 'अजून आहे का?' विचारून गायब होणाऱ्या लोकांना उत्तरं, पोस्टाच्या फेऱ्या. सगळे मिळून ३५ तास धरले तर तासाला सव्वाआठ डॉलर पडतात. न्यू जर्सीत २०२५ ला किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होतं. म्हणजे दुकानात गल्ल्यावर उभे राहिला असतात तर जवळपास दुप्पट मिळाले असते, पाठही दुखली नसती.

मग लोक पैसे कसे कमावतात? जे कमावतात त्यांच्याकडे स्वतःचा ट्रक असतो, माल ठेवायला जागा असते आणि विकायची सवय असते, वरच्या हिशेबातले दोन-तीन खर्च त्यांना लागतच नाहीत. दुसरं, ते आठवड्याला अनेक युनिटवर बोली टाकतात आणि स्वतःच्या आकड्याच्या वर एक डॉलर जात नाहीत, बाकी सगळी युनिट हसत सोडून देतात. तिसरं, त्यांना एखाद-दोन गोष्टीतलं खरंच कळतं, कोणाला हत्यारं, कोणाला जुने कॅमेरे, कोणाला व्हिडिओ गेम, कोणाला तांब्या-पितळेचं भंगार. सगळ्यातलं थोडंथोडं कळणारा माणूस इथे मार खातो, कारण जे कळत नाही ते तो स्वस्तात विकून टाकतो.

विकायला जागा बऱ्याच. मोठं, जड सामान फेसबुक मार्केटप्लेसवर, समोरचा येऊन घेऊन जातो, पार्सलची भानगड नाही. लहान आणि हौशी गिऱ्हाइकाचं सामान ईबेवर, तिथे बहुतेक कॅटेगरीत फी १३ टक्क्यांच्या आसपास. ब्रँडेड कपडे पोशमार्कवर, १५ डॉलरच्या वर विकलं की ते २० टक्के घेतात. उरलेलं फ्ली मार्केटला, आपल्या पुण्यातल्या जुन्या बाजारासारखं टेबल मांडून, आणि त्यातूनही उरलेलं दान. किंमत ठरवताना ईबेवर लोकांनी काय मागितलंय ते बघू नका, 'सोल्ड' फिल्टर लावून खरंच कितीला विकलं गेलं ते बघा. मागायला काय, कोणीही जुन्या बरणीचे ५०० डॉलर मागतो.

काही गोष्टी विकताच येत नाहीत. कंपनीने परत मागवलेली वस्तू विकणं २००८ च्या कायद्यापासून बेकायदेशीर आहे, जुनी असली तरी. बाळाचे जुने पाळणे, ज्यांची एक बाजू खाली सरकते, ते २०११ च्या जूनपासून नवे-जुने दोन्ही बंद. बंदूक सापडली तर हात न लावता ऑफिसला आणि पोलिसांना कळवायचं. गाडी सापडली तर आनंद करू नका, मालकीचे कागद आपल्या नावावर होणं हे वेगळंच पुराण आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोटो अल्बम, पासपोर्ट, सर्टिफिकेटं, टॅक्सचे कागद, अस्थिकलश सुद्धा, हो, निघतात कधीकधी, हे सगळं ऑफिसमध्ये परत द्यायचं असतं, मूळ माणसाला मिळावं म्हणून. लॅपटॉप, हार्डडिस्क निघाली तर आतलं बघत बसू नका, पुसून टाका.

लॉटरी खरंच लागते का? लागते. १९८९ ला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर एका जोडप्याने न बघता एक युनिट घेतलं, शंभर डॉलरच्या आत, आणि आत निघाली जेम्स बाँडच्या सिनेमात पाण्याखाली गेलेली पांढरी लोटस गाडी. २०१३ ला लंडनच्या लिलावात ती साडेपाच लाख पाउंडांच्या बोलीवर गेली, घेणारा इलॉन मस्क. ही गोष्ट प्रत्येक यूट्यूबर सांगतो. पण नीट बघा, मधे २४ वर्षं गेली. आणि ज्या हजारो युनिटांतून ओली पुस्तकं निघाली त्यांचा व्हिडिओ कोणी बनवत नाही.

मला त्यापेक्षा व्हिव्हियन मायरची गोष्ट जास्त शिकवणारी वाटते. ही बाई शिकागोच्या श्रीमंत उपनगरांत लोकांची मुलं सांभाळायची आणि सुट्टीत, फिरताना, दशकानुदशकं रस्त्यावरचे फोटो काढायची, कोणाला दाखवायची नाही, कितीतरी रोल तर धुतलेलेही नव्हते. म्हातारपणी स्टोरेजचं भाडं थकलं आणि २००७ ला लॉकर विकले गेले. माल एका लिलावघरवाल्याने उचलला आणि तिथून खोक्याखोक्याने विकला. जॉन मलूफ नावाच्या तरुणाला शिकागोच्या एका भागावरच्या पुस्तकासाठी जुने फोटो हवे होते, त्याने चारेकशे डॉलरला एक मोठं खोकं घेतलं, त्यात हजारो निगेटिव्ह. त्याच्या पुस्तकाला त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. दीड-दोन वर्षांनी, २००९ च्या एप्रिलमध्ये, त्याने खोक्यात सापडलेलं तिचं नाव गूगल केलं तर ती नुकतीच, काही दिवसांपूर्वीच वारल्याची बातमी. आज ती विसाव्या शतकातल्या मोठ्या स्ट्रीट फोटोग्राफरांत मोजली जाते, तिचे सगळे मिळून एक लाखाहून जास्त फोटो आहेत.

पण इथे कायद्याची गंमत आहे. लिलावात तुम्ही निगेटिव्ह विकत घेता, म्हणजे ती फिल्म, ती वस्तू. त्यावरच्या फोटोचा कॉपीराइट नाही. तो काढणाऱ्याचा, आणि मेल्यावर ७० वर्षं तिच्या वारसांचा, म्हणजे मायरच्या बाबतीत २०७९ पर्यंत. तिला मूलबाळ नाही, म्हणून फ्रान्समध्ये दूरचे नातेवाईक शोधायची धावपळ झाली, २०१४ ला प्रकरण कोर्टात गेलं, तिची इस्टेट शिकागोच्या कुक काउंटीच्या ताब्यात आली आणि शेवटी मलूफला इस्टेटशी समझोता करायला लागला. म्हणजे युनिटमध्ये कोणाची डायरी, पेंटिंग, रेकॉर्डिंग निघालं तर ती वस्तू विकता येईल, पण तिच्या प्रिंट काढून, पुस्तक छापून, टी-शर्टवर टाकून विकता येईलच असं नाही.

आता आपल्या मराठी मंडळींसाठी एक मुद्दा, कारण वीकेंडला साइड इन्कम म्हणून हे करू का असं विचारणारे न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत सगळीकडे असतात. एच-वन-बी वर असाल तर करू नका. त्या व्हिसावर काम फक्त स्पॉन्सर केलेल्या कंपनीचं, शेअर घेणं वेगळं आणि युनिट घेऊन, सामान काढून, नेमाने ईबेवर विकणं वेगळं, ते सरळ काम धरलं जाऊ शकतं. वर्क परमिट नसलेल्या एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नावाने करू, ही पळवाटही नाही. स्वतःच्या घरातला जुना सोफा विकणं वेगळं, त्याला कोणी काही म्हणत नाही. तरीही शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, मित्राच्या मित्राला नाही. ग्रीन कार्ड किंवा सिटिझन असाल तर करा, पण हिशेब ठेवा. ईबेकडून टॅक्सचा फॉर्म आला नाही म्हणून उत्पन्न करमुक्त होत नाही, तो फॉर्म फेडरल नियमाने २०,००० डॉलर आणि २०० व्यवहारांच्या वर येतो, आणि वर्षाचा निव्वळ नफा ४०० डॉलर झाला की नेहमीच्या इन्कम टॅक्सवर स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के टॅक्स वेगळा. बोलीची पावती, ट्रकची पावती, कचऱ्याची पावती, सगळ्या जपून ठेवा, हे खर्च वजा होतात.

खरं म्हणजे आपल्यातले बरेच जण या लिलावाच्या दुसऱ्या बाजूला सापडायची शक्यता जास्त. प्रोजेक्ट संपला, दोन महिन्यांसाठी भारतात गेलो, सामान स्टोरेजमध्ये, व्हिसाचं स्टँपिंग अडकलं, दोनाचे सहा महिने झाले, मधे क्रेडिट कार्डची मुदत संपून नवीन नंबर आला आणि ऑटोपे बंद पडला, नोटीस गेली जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर. कोणाची चूक म्हणावी अशीही नाही, पण युनिट लिस्टवर येतं. घेणाऱ्याला त्यातला टीव्ही आणि सायकल कळते, आजीने दिलेली पितळेची समई दोन डॉलरला जाते. म्हणून जायच्या आधी करारात दुसऱ्या माणसाचा फोन आणि पत्ता लिहून द्या, इमेल चालू असलेलाच द्या, शक्य असेल तर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा, आणि पासपोर्ट, डिग्री, दागिने आत ठेवूच नका. नोटीस आलीच तर लगेच फोन करा, लिलाव व्हायच्या क्षणापर्यंत पैसे भरून सामान सोडवता येतं, पूर्ण जमत नसेल तर मॅनेजरशी बोला, रिकामं युनिट मिळणार असेल तर थोडे पैसे सोडायलाही बरेच जण तयार असतात. आणि लिलाव होऊन गेला असेल तरी गप्प बसू नका, बोली किती लागली आणि थकबाकी वजा करून काही उरलं का हे लेखी मागा, आणि अल्बम-कागदपत्रं ऑफिसात परत आलीत का तेही विचारा.